पडद्यामागचा फेस

सिप्रियानोच्या दुकानात एक खुर्ची होती, एक लांब बाक, एक आरसा आणि एक निळा पडदा. खुर्चीत गिऱ्हाईक बसायचं, बाकावर निम्मं गाव बसायचं, आरशात सिप्रियानो स्वतःला न्याहाळायचा आणि पडद्यामागे त्याची बायको तोमासा साबणाचा फेस काढत उभी असायची. एकतीस वर्षं ती तिथेच उभी होती. बाकावरच्या मंडळींना तिचा फक्त उजवा हात ठाऊक होता. पडद्याच्या फटीतून तो बाहेर यायचा, फेसाचा वाडगा आणि ब्रश नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि परत आत जायचा.

सान रोके गाव नदीकाठचं. उकाडा असा की सकाळी घातलेला सदरा दहाच्या आत पाठीला चिकटतो. वर उसाच्या मळ्यातली धूळ. अशा ठिकाणी वाईट दाढी म्हणजे चार दिवसांची शिक्षा, घाम उतरला की गाल पेटतो. पण सिप्रियानोच्या खुर्चीत माणसं झोपी जायची. वरच्या अंगाच्या गावांहून लोक होडीनं यायचे, दाढी करून घ्यायचे आणि गालावरून हात फिरवत परत जायचे. "मायेस्त्रो, उस्ताद, तुमचा हात म्हणजे रेशीम," असं म्हणायचे. सिप्रियानो त्यांना कधी अडवायचा नाही. विनय नावाच्या गोष्टीशी त्याची ओळखच झाली नव्हती.

खरं सांगायचं तर सिप्रियानोचा हात बरा होता, इतकंच. वस्तराही बरा होता. असे हात आणि असे वस्तरे नदीच्या दोन्ही काठांना डझनानं मिळाले असते.

तोमासाचा ब्रश रानडुकराच्या मानेच्या केसांचा होता. पेरूच्या लाकडाची मूठ तिनं स्वतः घासून केली होती. वर्षानुवर्षांच्या वापरानं केसांची टोकं दुभंगून मऊ पडली होती. गिऱ्हाईक टोपी काढून उकाड्याला शिव्या घालत असायचं, तेवढ्या वेळात ब्रश कोमट पाण्यात मुरायचा. मग ती दोनदा झटकायची, दाबून साबणावर फिरवायची, आणि बोटाच्या टोकानं एकेक थेंब पाणी घालत घोटत बसायची. घाई नाही. फेस नीट विरजलेल्या दह्यासारखा जड झाला, त्यात एकही बुडबुडा दिसेनासा झाला, की त्यातला थोडा मनगटाच्या आतल्या बाजूला लावायचा आणि मेरीमातेची प्रार्थना एकदा मनात म्हणायची. प्रार्थना संपेपर्यंत फेसावरची चमक राहिली तर तो खरा. असा फेस पाणी धरून ठेवतो, त्या पाण्यानं केस मऊ होतात, आणि मग वस्तरा कुणाचाही असो, घसरत जातो.

हे तिनं एकदा बोलून दाखवलं होतं. लग्नाचं तिसरं वर्ष होतं. गिरणीवाला बेलिसारियो खुर्चीतून उठता उठता म्हणाला, "आज तर कमाल केलीत." आणि तोमासा पडद्यामागून म्हणाली, "आज फेस चांगला उतरला होता."

अख्खा बाक जो हसला तो हसतच सुटला. बेलिसारियो म्हणाला, "मायेस्त्रो, उद्यापासून वस्तरा ठेवा गहाण आणि नुसत्या फेसानंच दाढी करा." दुसऱ्या दिवशी बाक भरल्यावर त्यानं गल्लीतलं एक खरजुलं कुत्रं आत ओढून आणलं, तोमासाला पडद्याबाहेर बोलावलं आणि म्हणाला, "घे. ह्याची दाढी करून दे तुझ्या फेसानं." तिनं कुत्र्याच्या तोंडाला फेस लावेपर्यंत त्यानं तिला आत जाऊ दिलं नाही. कुत्रं शिंकलं, तिच्या तोंडावर फेस उडाला, आणि बाकावरची माणसं पोट धरून लोळली. वर्षभर तो किस्सा गावात फिरत होता.

त्यानंतर ती बोलली नाही. पण तिच्या मनात एक इच्छा बसली ती बसलीच. कधीतरी, त्याच बाकासमोर, कुणीतरी आपल्याला विचारावं: तोमासा, फेसात काय असतं? उत्तर तयार होतं. अठ्ठावीस वर्षं ती ते मनात घोळवत होती, कुठला शब्द आधी आणि कुठला नंतर हेसुद्धा ठरलेलं होतं. तिला दागिने नको होते, शेजारणीसारखं शिवणयंत्र नको होतं. हा एक प्रश्न हवा होता.

त्या वर्षी सिप्रियानो पावडर आणि कोलोन आणायला महिन्यातून एकदाच्या ऐवजी चारदा बंदरावर जाऊ लागला, तेव्हा गावानं काय ओळखायचं ते ओळखलं. तिचं नाव ओंदिना. बावीस-तेवीस वर्षांची, नदीमुखाकडच्या कोळीवाड्यातली, बंदरावरच्या खाणावळीत ताटं उचलणारी. ऑगस्टच्या सुरुवातीला एका दुपारी, काळ्या घेवड्याबरोबर तळलेलं केळं खाता खाता, सिप्रियानो म्हणाला, "गावच्या सणाच्या दिवसापासून ओंदिना फेस काढेल."

"आणि मी?"

"तू फिलोमेनाकडे राहा. बहीण तुझी विधवा, एकटी. तिलाही सोबत होईल." तो उपकार केल्यासारखा बोलत होता. "आठ दिवस त्या पोरीला शिकव. तसं शिकवण्यासारखं काय आहे म्हणा. मनगट हलवता आलं की झालं. आणि तिचं मनगट तरणं आहे."

तोमासानं त्याच्या ताटात आणखी एक केळ्याची चकती वाढली. "माझा ब्रश घेऊन जाऊ?"

"तो टकल्या? ने की. तिच्यासाठी मी नवा आणलाय, हस्तिदंती मुठीचा."

चर्चमध्ये लागलेलं लग्न मोडता येत नाही, म्हणून त्यानं ते मोडलं नाही. बायको फक्त दोन गल्ल्या पलीकडे नेऊन ठेवायचं ठरवलं.

ओंदिना पहिल्या सकाळी आली ती केस धुऊन, स्वच्छ अॅप्रन बांधून. दारातच थांबली. "सेन्योरा," ती म्हणाली, "माझं तोंड बघायची तुमची इच्छा नसणार, मला कळतं. पण मी मन लावून शिकेन. तुम्हाला नाव ठेवायला जागा देणार नाही."

पोरगी उर्मट असती तर कदाचित तोमासानं तिला सगळं खरं शिकवलं असतं, नुसत्या तोऱ्यात, बघ मला काय येतं म्हणून. पण ही खरंच शिकणारी होती. हिला हात होता. आठ दिवसांत ही एकतीस वर्षं उचलून घेऊन जाईल, आणि बाकावरचा एकही माणूस म्हणणार नाही की इथे काही बदललं. तोमासा घाबरली, आणि त्या भीतीतून जे सुचलं ते तिनं केलं.

"दुकानात जागा नाही. तू परसात सराव कर," ती म्हणाली. "पहिली गोष्ट, ब्रश कोरडा ठेवायचा. पाण्यात ठेवला की केस कुजतात. साबण थोडासा. पाणी एकदाच, चमचाभर. मग मनगट सोडायचं आणि झोडपायचं."

ओंदिनानं झोडपलं. वाडग्यातून फेस उसळून वर आला, पांढराशुभ्र, केकसाठी फेटलेल्या अंड्यासारखा. पोरगी हरखली. "केवढा आला, सेन्योरा."

"असाच हवा. जेवढा उंच तेवढा चांगला."

त्या फेसात वाऱ्याशिवाय काही नव्हतं. गालावर लावला की दोन मिनिटांत वाळायचा, आणि खाली केस होते तसे ताठ. हे ओंदिनाला कळायला मार्ग नव्हता, कारण पडद्याच्या आत तोमासा आपला नेहमीचा फेस काढून देत होती आणि परसात ओंदिना वाडग्यामागून वाडगे झोडपून मातीत ओतत होती. तिचं मनगट सुजलं. तिनं चरबी चोळली, फडकं बांधलं आणि पुन्हा बसली.

आठव्या दिवशी तिनं तोमासाला एक पिकलेली पपई आणून दिली. "माझ्या आईनंसुद्धा मला एवढ्या निगुतीनं काही शिकवलं नव्हतं," ती म्हणाली. त्या क्षणी तोमासा एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. ब्रश भिजवत जा, एवढंच. तोंड उघडलंही होतं तिनं.

तेवढ्यात बाहेरून सिप्रियानो ओरडला, "झालं की नाही गं? एवढा निरोप घ्यायला मयत आहे का कुणाची?" आणि बाक हसला.

"पाणी अजून कमी घाल," तोमासा ओंदिनाला म्हणाली. आपला ब्रश तिनं अॅप्रनच्या खिशात टाकला आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

सान रोकेच्या सणाला बारा माणसं, गावाला ज्याचं नाव आहे त्या संताची मूर्ती खांद्यावर घेतात. त्या बाराजणांनी त्याच सकाळी सिप्रियानोच्या खुर्चीत दाढी करायची, गालावर आगवार्द्येंते दारू थापायची, आणि एकदा खांदा दिला की मूर्ती चर्चमध्ये परत जाईपर्यंत दांड्यावरचे हात काढायचे नाहीत, अशी रीत आहे. घाम आला तरी पुसायचा नाही. आजवर पुसावासा कुणाला वाटलाही नव्हता.

त्या सकाळी तोमासा पाव आणायला निघाली. मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, दुकानाच्या मागच्या गल्लीतून गेली. भिंतीपलीकडून तिला चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरल्याचा आवाज आला. एकतीस वर्षांच्या सवयीनं तिनं मोजलं. सिप्रियानो दर दाढीआधी वीस वेळा फिरवायचा. आज चाळीस झाले. थोडा वेळ शांतता, मग कुणाचा तरी "स्स" असा आवाज, आणि पुन्हा पट्टा, साठ. त्यानंतर पट्टा थांबला आणि धारेच्या दगडावर पातं घासलं जाऊ लागलं.

तोमासा जागच्या जागी उभी राहिली. तिला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. वस्तरा अडकतोय, गाल सोलवटतोय, आणि ह्या माणसाला वाटतंय की धार गेली. म्हणून तो धार लावतोय. वाळलेल्या गालावर वस्तरा जितका तल्लख तितकी कातडी जास्त निघणार, आणि जितकी कातडी निघेल तितकी हा आणखी धार लावणार. बाराव्या माणसापर्यंत पातं कागदासारखं झालं असेल. वाडग्याकडे बघायचं त्याच्या डोक्यात येणार नव्हतं. वाडगा त्यानं आजवर कधी बघितलाच नव्हता.

मिरवणूक दहाला निघाली. पुढे झेंडूच्या माळा घातलेली गावातली कुत्री, कारण सान रोकेच्या पायाशी कुत्रं असतं, मांडीवरची त्याची जखम चाटणारं. मागे मूर्ती, झगा वर करून ती एक लाल जखम दाखवणारी. आणि मूर्तीखाली बाराजण. कुणाच्या हनुवटीला कागदाचा कपटा, कुणाच्या गळ्याला तुरटीचा पांढरा डाग, कुणाची कॉलर रक्तानं भिजलेली. ऊन चढलं तसा घाम त्या सोललेल्या गालांवरून उतरू लागला आणि बाराही तोंडं वेडीवाकडी झाली. हात मात्र दांड्याला. बेलिसारियोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मासळीवाली रेमेदियोस सगळ्यात आधी बोलली. "अगंबाई, संताला जखम एक आणि खांदेकऱ्यांना बारा."

"कुत्रं बिचारं गोंधळलंय," दुसरी म्हणाली. "चाटू तरी कुणाला?"

गल्ली हसायला लागली. चौकापर्यंत तो विनोद मूर्तीच्या पुढे जाऊन पोचला होता, लोक वाट बघत उभे होते. शेवटी बेलिसारियोला सोसवेना, त्यानं एक हात काढून गाल पुसला, मूर्ती कलली, बायकांनी किंकाळी फोडली, आणि पाद्रीबाबानं सगळ्यांदेखत त्याला झापलं. कडेला सिप्रियानो उभा होता, आपल्या नव्या कोटात. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

बहिणीच्या ओट्यावरून तोमासानं हे सगळं पाहिलं आणि ती हसली. फिलोमेनानं वळून तिच्याकडे बघितलं, इतकी हसली. आयुष्यातला इतका सुखाचा तास तिला आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी फिलोमेना बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच बोलू लागली. सिप्रियानोनं काल दुकान बंद केलं, ओंदिनाला समोर उभं केलं आणि विचारलं, माझ्या वस्तऱ्याला हात लावलास ना? पायाची कुरुपं कापलीस ना त्यानं? ती नाही म्हणाली. शपथा घेतल्या. त्यानं तिचा उजवा हात धरून वस्तऱ्यांच्या खणात घातला आणि गुडघ्यानं खण बंद केला.

"किती बोटं?" तोमासानं विचारलं.

"तीन मोडली. बोटीनं गेली कोळीवाड्यात, आजोबाकडे. वाटेत ओरडली नाही म्हणतात."

तोमासा मळलेलं मक्याचं पीठ हातात घेऊन बसून राहिली. ह्यात आपण फक्त फेस शिकवला, खण काही आपण बंद केला नाही, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. ते पटायला फार वेळ लागला नाही. त्या दिवशी ती जेवली. तिला झोपही लागली. हे लपवून काय उपयोग.

आठवड्यात दुकानाचा बाक ओस पडला. सिप्रियानो स्वतः त्या हस्तिदंती ब्रशनं फेस झोडपायचा, ओंदिनाला करताना पाहिलं होतं तसा, आणि आल्यागेल्याचे गाल सोलायचा. दहाव्या दिवशी तो फिलोमेनाच्या दारात उभा राहिला. दाढी त्याची स्वतःचीच वाढली होती.

"घरी चल," तो म्हणाला. "ती पोरगी अपशकुनी निघाली. वस्तरा काही ताळ्यावर येत नाही."

तोमासा वाट बघत राहिली. अजून एखादं वाक्य येईल म्हणून.

"जेवणाचेही हाल होताहेत," सिप्रियानो म्हणाला.

"आणि फेस कोण काढणार?"

"तूच. त्यात काय एवढं?"

ती उठली, ब्रश अॅप्रनच्या खिशात टाकला आणि त्याच्या मागोमाग निघाली. सगळ्यांदेखत कबूल करा, तरच येते, असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं. ते घशातच राहिलं. निळ्या पडद्यामागे उभं राहिल्यावर तिला आपल्या जागेचा वास आला, खोबरेल आणि ओल्या लाकडाचा, आणि बरं वाटलं.

बेलिसारियोला कोंपाद्रेपणाची आण घालून बोलावलं होतं. त्याच्या मुलाचा धर्मपिता सिप्रियानो, नाही म्हणता येईना. खुर्चीत तो बळी द्यायला आणल्यासारखा बसला. दुसऱ्या फटकाऱ्याला त्याचे खांदे सैल पडले, चौथ्याला डोळे मिटले. उठून त्यानं गालावर हात फिरवला आणि म्हणाला, "आला. हात परत आला, कोंपाद्रे."

"वस्तरा," सिप्रियानो म्हणाला. "पात्याला शांत व्हायला वेळ दिला मी."

तिसऱ्या दिवशी बाक भरला. औषधवाला एवारिस्तो खुर्चीत बसायला उठत होता, तेव्हा पायरीवर ओंदिना उभी दिसली. उजवा हात फडक्यात, तीन बोटांना काड्या बांधलेल्या. ताप अंगात होता, डोळे चमकत होते. बोटीनं चार तास आली होती.

"मला काही नको," ती म्हणाली. "बोटांचंही काही नको. फक्त ह्या बाईंना विचारा, त्यांनी मला फेस कसा शिकवला."

सिप्रियानोनं वस्तरा पट्ट्यावर टेकवला. "चालती हो."

"माझ्या आजोबांचा वस्तरा मासे खवलायच्या सुरीइतका बोथट आहे. मी त्यांना शिकले तसा फेस काढून दिला, डाव्या हातानं. म्हणाले, हा फेस नाही पोरी, वारा आहे. ब्रश आधी भिजव. पाणी घाल, थोडं थोडं. घातलं. त्याच बोथट वस्तऱ्यानं दाढी झाली, गालावर ओरखडा नाही. वस्तऱ्याचं काही नव्हतं, मायेस्त्रो. फेसाचं होतं. ह्यांनी मला मुद्दाम उलटं शिकवलं."

बाक हसायच्या बेतात होता. पण एवारिस्तो साबण आणि औषधं विकून चार पुस्तकं वाचलेला माणूस. तो म्हणाला, "असेलही तथ्य. करून बघायला काय जातं? बसतो मी. एका गालाला हिचा शिकलेला फेस, दुसऱ्याला तोमासाचा. दहा मिनिटांत सोक्षमोक्ष."

सिप्रियानोनं वस्तरा खाली ठेवला, चालत पडद्याकडे गेला आणि पडदा बाजूला सारला. बाकावरच्या कित्येकांनी तोमासाला त्या जागेवर पहिल्यांदाच अख्खी पाहिली, एक पिकल्या केसांची बुटकी बाई, हातात वाडगा.

"तोमासा," सिप्रियानो म्हणाला, "ही काय म्हणते? फेसात काही असतं का?"

आला. अठ्ठावीस वर्षांनी प्रश्न आला, त्याच बाकासमोर, त्याच माणसाच्या तोंडून. शब्द सगळे तयार होते. आधी ब्रश भिजवायचा, मग थेंबाथेंबानं पाणी, मग मनगटावर एक प्रार्थना. नुसतं हो म्हटलं तरी एवारिस्तो खुर्चीत बसला असता आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं की ते रेशीम कुणाचं होतं.

आणि सिप्रियानोला कळलं असतं की सणाच्या दिवशी बारा तोंडं कुणी सोलली. वस्तऱ्यांचा खण तिच्या हातभर अंतरावर होता. अर्धवट उघडा.

"फेसात काय असायचंय?" तोमासा म्हणाली. "साबण आणि पाणी. सगळी करामत वस्तऱ्याची. पोरीला ताप चढलाय, कुणीतरी तिला बोटीवर पोचवा."

बाकाचा जीव भांड्यात पडला. बेलिसारियोला कुत्र्याचा तो जुना किस्सा आठवला, तरुण झाल्यासारखा तो पुढे सरसावला. "ए पोरी, एवढा फेस चांगला काढतेस तर जा, एखादं कुत्रं बघ आणि त्याची दाढी करून दे." आणि बाक हसला. तोमासाला ते हसू पाठ होतं, कोण आधी सुरू होतो, कोण शेवटी खोकतो, सगळं. ह्या वेळी ते दुसरीच्या अंगावर जात होतं.

ओंदिना रडली नाही. ती तोमासाकडे नीट बघत राहिली. "आठ दिवस तुमच्यापाशी होते, सेन्योरा," ती म्हणाली. "तुम्हाला एवढं घाबरलेलं बघितलं नव्हतं." आणि दुखरा हात छातीशी धरून पायरी उतरली. तिला पोचवायला कुणी उठलं नाही.

पडदा पडला. एवारिस्तो खुर्चीत बसला. सिप्रियानोनं मागे न बघता चुटकी वाजवली. तोमासानं ब्रश पाण्यातून काढला, दोनदा झटकला, साबणावर फिरवला. थेंब थेंब पाणी घालत घोटत राहिली. थोडा फेस मनगटावर लावला आणि प्रार्थना म्हणायला घेतली. मधेच शब्द विसरले, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चमक राहिली. तिनं हात फटीतून बाहेर काढला आणि वाडगा दिला.

दाढी झाली. एवारिस्तोनं गालावर हात फिरवला. "नाही हो मायेस्त्रो, मानलं. रेशीम."

"वस्तरा," सिप्रियानो म्हणाला. "विश्वास नसेल तर माझ्या बायकोला विचारा. काय गं?"

बाक वाट बघू लागला.

"वस्तराच," तोमासा पडद्यामागून म्हणाली.

मंडळींना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून तो दुकानातला रिवाजच झाला. दाढी संपली की सिप्रियानो पडद्याला विचारायचा आणि आतून उत्तर यायचं.